नियम दोन, जीव एकच!

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० च्या किरणोत्सर्गाने एका कामगाराचा बळी घेतला. दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेले जुने यंत्र तेथे तोडले गेले होते. बाहेरचे शिसे विषारी, आतला कोबाल्ट किरणोत्सारी; कामगाराला दोन्हींचा पत्ता नव्हता. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम किरणोत्सारी कचरा वगळतात. त्यासाठी अणुऊर्जा कायद्याखालील १९८७ चे नियम वेगळे. मग दोन्ही विषे एकत्र असतील तर जबाबदार कोण? बंधूंनो, भंगाराचे लिलाव आपल्या रेल्वे डेपोतही होतात. म्हणून आमची मागणी आहे: लिलावापूर्वी किरणोत्सर्गाची मोजणी करा, दोन्ही धोके मालावर कामगाराच्या भाषेत लिहा. तोवर संशयास्पद मालाला हात न लावण्याचा हक्क आम्हाला मिळालाच पाहिजे!