यंत्र विचारते, तुम्ही कोण?



मागच्या महिन्यात ओळखीच्या एका आजींचा फोन आला. "अगं, माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात फिकट इंग्रजी अक्षरं उमटलीत. पुसून जात नाहीत. मुलानं आतला मदरबोर्ड बदलला तेव्हापासून. माझे फोटो जातील का गं?"

फोटो जात नाहीत, असं त्यांना सांगितलं. पण त्यांच्या आवाजातली भीती माझ्या ओळखीची होती. म्हणून या वेळी माझीच गोष्ट सांगते.

साल २००९. आमचा कॉम्प्युटर एका सकाळी सुरूच होईना. त्यात माझ्या आईचा आवाज होता. २००३ साली ठाण्याला गेले होते, तेव्हा आईला समोर बसवून कॅसेट भरली होती. अलिबागकडचं घर, दारातली विहीर, लग्न होऊन मुंबईला आली तो दिवस, असं सगळं ती त्यात सांगते. मधेच, "बंद कर गं ते, चहा गार होतोय," असंही म्हणते. पुढे आई गेली. कॅसेटला बुरशी लागली. कॉम्प्युटरवर घेतलेली तेवढी एकच प्रत उरली होती.

दुकानदाराने मदरबोर्ड बदलला. त्याबरोबर मेमरी, चित्र दाखवणारं कार्ड आणि नेटवर्कचं कार्डही बदललं. शुक्रवारी दुपारी पेटी घरी आली. चालू करते तर निरोप आला, की या कॉम्प्युटरमध्ये फार बदल झाले आहेत, ३ दिवसांत पुन्हा नोंदणी करा, नाहीतर आत जाता येणार नाही. दुकानात फोन लावला. उत्तर मिळालं, "सोमवारी आणा, फॉरमॅट करून नवीन घालून देतो. आतलं मात्र सगळं पुसलं जाईल." मी घाबरून "बरं" म्हणून बसले!

शनिवारी शब्बाथ, म्हणजे एक दिवस तसाच गेला. रविवारी अकरा वर्षांचा नातू जेवायला आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आजी, त्याचा डबा कुठाय?" डबा पोळपाटाच्या मागे कपाटात सापडला. त्यावर २५ अक्षरांची किल्ली छापलेली होती. मग फोन लावला. पलीकडून ध्वनिमुद्रित बाई बोलल्या. पडद्यावरचे पन्नासएक आकडे तिला वाचून दाखवायचे होते. मी आपल्या सवयीने "डबल थ्री" म्हणाले, ते तिला कळेना. "सिक्स" म्हटलं तेही कळेना. नातवाने फोन घेतला आणि अस्सल इथल्या उच्चारात "सक्स" म्हणाला, लगेच कळलं! शेवटी एक खरा माणूस बोलला. त्याने एवढंच विचारलं, की ही प्रत किती कॉम्प्युटरांवर आहे? मी म्हटलं, एकावर. त्याने उत्तरादाखल आकडे दिले, ते भरले आणि कुलूप उघडलं. त्या संध्याकाळी घरात आईचा आवाज लावला. नातवाने पणजीला पहिल्यांदाच ऐकलं.

आता हे असं का होतं, ते सांगते. पूर्वी एक तबकडी विकत घ्यायची आणि ती शेजारीपाजारी फिरायची. ते थांबावं म्हणून मायक्रोसॉफ्टने ही पद्धत आणली. जगभर लागू करण्याआधी ज्या मोजक्या देशांत ऑफिस २०००च्या दुकानी प्रतींना ती लावली, त्यांत आपलं न्यूझीलंडही होतं. मग २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी आली आणि घरोघरी "अ‍ॅक्टिव्हेशन" हा शब्द पोचला.

यंत्राला माणूस ओळखता येत नाही. म्हणून एक्सपी पेटीतल्या दहा गोष्टी बघून ठेवायची: प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, सीडीचा ड्राइव्ह, नेटवर्कचं कार्ड वगैरे. यांत नेटवर्क कार्डाला मान मोठा. ते जुनंच असेल तर बाकीच्या पाच गोष्टी बदलल्या तरी चालायचं, सहावीला अडायचं. तेच बदललं, तर त्याच्यासकट चौथ्या बदलालाच प्रश्न यायचा. माझ्या पेटीत नेमकं तेच झालं होतं.

आजीच्या गोधडीचं बघा. दरवर्षी एक ठिगळ नवं लागतं. वीस वर्षांनी मूळचं कापड किती उरतं? तरी ती आजीचीच गोधडी. आपल्याला हे सहज कळतं, यंत्राला ठिगळं मोजावी लागतात.

मराठीत छपाईचं काम करणाऱ्यांनी हा अनुभव आणखी आधी घेतला. टायपिंगच्या काही सॉफ्टवेअरांबरोबर अंगठ्याएवढं "लॉक" मिळायचं, ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी खोचायचं. ते हरवलं की मराठी बंद! पुढे नव्या कॉम्प्युटरांना ती जागाच राहिली नाही.

एक्सपीचे दिवस गेले. ८ एप्रिल २०१४ला कंपनीने तिची देखभाल थांबवली, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चीही. विंडोज १० आणि ११ एक्सपीइतक्या कडक नाहीत. नोंदणी तुटली तरी दार बंद होत नाही. कोपऱ्यात अक्षरं येतात, पडद्यामागचं चित्र वगैरे बदलता येत नाही, पण फाइली उघडतात. तेव्हा आजींनो, आजोबांनो, घाबरून फॉरमॅटला "हो" म्हणू नका. कुलूप विंडोजवर असतं, तुमच्या फोटोंवर नाही.

चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, दुरुस्तीला देण्याआधीच विंडोज आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून घ्या. मग भाग बदलल्यावर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबायचं आणि अलीकडे हार्डवेअर बदललं असं सांगायचं. ही सोय २०१६पासून आहे. दोन, वेगळी विकत घेतलेली विंडोज नव्या पेटीवर नेता येते. कॉम्प्युटरबरोबर आलेली सहसा त्याच्याच मदरबोर्डाशी बांधलेली असते, म्हणून तो बदलण्याआधी विचारा. तीन, दुकानदाराकडून लिहून घ्या, की काय बदलणार आणि आतलं राहणार की जाणार. दुरुस्ती काळजीने आणि कसबाने झाली पाहिजे, असं इथला १९९३चा ग्राहक हमी कायदा सांगतो. चार, आवाज, फोटो, पत्रं यांची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा. मी तेव्हा ठेवली नव्हती. ती चूक दुकानदाराची नव्हे, माझी होती.

मुलांनो, तुमच्यासाठी काम. या रविवारी आजी-आजोबांकडे जा. एका वहीत त्यांच्या विंडोजची किल्ली आणि खात्याचं नाव लिहा. वही कपाटात ठेवा, कॉम्प्युटरला चिकटवू नका. मग त्यांचे फोटो आणि आवाज एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. आणि आजीचा आवाज अजून कुठेच भरलेला नसेल, तर आधी तेच करा. चहा गार होईल म्हणाली, तरी बंद करू नका.