कागदाचा शोक आणि पडद्याचा मोह

माळव्यातील मराठी मंडळांच्या सभांतून अलीकडे एक सूचना हटकून पुढे येते. छपाई परवडत नाही, टपाल वेळेवर पोहोचत नाही, तरुण वाचीत नाहीत. तेव्हा अंक छापणे थांबवून तो सभासदांच्या मोबाइलवर धाडावा. सूचना येताच सभेत दोन तट पडतात. एक तट कागदाच्या वासाचे आणि जुन्या दिवाळी अंकांचे गोडवे गातो. दुसरा काळाबरोबर चालण्याचा उपदेश करतो. आमच्या मते हे दोन्ही पक्ष भलत्याच प्रश्नावर भांडत आहेत. खरा प्रश्न कागद की पडदा हा नाही; आपल्या मजकुराची जबाबदारी कोण घेणार आणि त्याचे मोल कोण देणार, हा आहे.

प्रथम कागदाच्या कैवाऱ्यांकडे वळू. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापले, तेव्हा छापील अक्षराला विटाळ मानणारी सनातनी मंडळी थोडी नव्हती. शाईत चरबी असते या शंकेपायी त्यांनी तुपाची शाई वापरली, असे सांगतात. आज ज्या छापील पानाला आपण परंपरा म्हणून कवटाळतो, ते एके काळी परंपरेवरचे संकटच समजले गेले होते. शिवाय नियतकालिकांचा बळी मोबाइलने घेतला, हा आरोप पुराव्याला टिकत नाही. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. तेव्हा मोबाइलचे नावही कोणी ऐकले नव्हते आणि दूरदर्शनसुद्धा सर्व घरांत पोहोचले नव्हते. नियतकालिक वर्गणीदारावर जगते. तो निजला की कागद असो वा पडदा, दोन्ही सारखेच कोरे.

आता पडद्याच्या भक्तांविषयी. ते ज्याला आधुनिकता म्हणतात, ती बहुधा छापील पानाचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर ढकलण्यापलीकडे जात नाही. सकाळी आलेला अंक संध्याकाळपर्यंत सुप्रभाताच्या संदेशांखाली गाडला जातो. त्यात शब्द शोधता येत नाही, लेखकाचे नाव सापडत नाही, आणि फोन बदलला की अंकही गेला. वाळवीला जे काम करायला वीस वर्षे लागत, ते येथे एका दिवसात उरकते.

याहून गंभीर गोष्ट टंकांची आहे. १९९० नंतरची दोन दशके आपल्या बहुतेक छोट्या नियतकालिकांची जुळणी ज्या टंकांत झाली, त्यांची संकेतव्यवस्था कंपनीगणिक निराळी होती. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या पोटात भलत्याच रोमन अक्षराचा संकेत साठवलेला असे. तो टंक नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की उरते ती निरर्थक चिन्हांची रांग. शासकीय सेवेत असताना एका कार्यालयाची टिपणे दुसऱ्या कार्यालयात अशीच वाचेनाशी झालेली आम्ही वारंवार पाहिली आहेत. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान आहे. तरीही जुन्या टंकांचा हव्यास अनेक छापखान्यांतून सुटलेला नाही. मोडी दफ्तरे वाचणारे दुर्मीळ झाले म्हणून आपण हळहळतो. पण कालपरवाच्या देवनागरी अंकांची मोडीपेक्षा वाईट गत होत आहे, याची खंत कोणाला वाटते?

कोणी म्हणेल, जो नवे तंत्र आधी गाठतो तोच तरतो. त्यांनी आपल्या इंदूरकडे पाहावे. १९४७ मध्ये निघालेल्या ‘नई दुनिया’ने राहुल बारपुते आणि राजेंद्र माथुर यांच्यासारख्या संपादकांच्या हाताखाली हिंदी पत्रकारितेला वळण दिले. त्याच परिवारातून १९९९ मध्ये ‘वेबदुनिया’ निघाले. हिंदीतील पहिले पोर्टल म्हणून ते ओळखले जाते, आणि पुढे त्याचा मराठी विभागही झाला. एवढे असूनही २०१२ मध्ये ‘नई दुनिया’ जागरण समूहाच्या हाती गेले. त्याची कारणे अनेक असतील. परंतु महाजालावर सर्वांआधी पोहोचले म्हणून घर राखले जाते असे नाही, इतके तरी त्यावरून दिसते.

उलट ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये महाजालावरील वाचनाला वर्गणी लावली, तेव्हा फुकट मिळणाऱ्या बातमीला पैसे कोण देईल, असे म्हणणारे पुष्कळ होते. आज त्याच्या डिजिटल वर्गणीदारांची संख्या एक कोटीच्या वर आहे. ‘न्यूजवीक’ने २०१२ च्या अखेरीस अमेरिकेतील छपाई बंद केली आणि २०१४ मध्ये ती पुन्हा सुरू केली. फुकटेपणा हा तंत्राचा गुण नव्हे, आणि छपाई थांबवणे हा काटकसरीचा रामबाणही नव्हे.

परदेशातील धनाढ्यांचे दाखले आपणास काय कामाचे, असे विचारणाऱ्यांसाठी ‘साधना’ साप्ताहिक आहे. साने गुरुजींनी १९४८ मध्ये ते सुरू केले. आजही ते छापून निघते. त्याचे जुने अंक महाजालावर वाचता येतात. आणि २०१९ पासून ‘कर्तव्य साधना’ हे त्याचे स्वतंत्र डिजिटल नियतकालिकही चालते. कागदाने पडद्याला घराबाहेर काढले नाही आणि पडद्याने कागदाला गिळले नाही. जुळवून घेणे म्हणतात ते याला.

आमच्या भैरवगढातही हाच धडा वाळत घातलेला दिसतो. येथील छिपा कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी ठशांनी कापड छापीत आली, आणि मेणाच्या बाटिकने गावाचे नाव दूरवर नेले. मेण तडकते, रंग त्या भेगांत शिरतो आणि प्रत्येक कापड निराळे होते. आता यंत्र त्या भेगांचीसुद्धा नक्कल छापते; मात्र तिथे प्रत्येक वाराला तीच भेग. २०२३ मध्ये उज्जैनच्या बाटिकला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नाव राखले गेले. कारागिराचे पोट मात्र अस्सल माल ओळखून दाम मोजणाऱ्या गिऱ्हाइकावरच भरते. नियतकालिकाचे याहून वेगळे नाही.

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. यापुढील प्रत्येक अक्षर युनिकोडमध्येच जुळवले जावे. जुने अंक घराघरांतून गोळा करून त्यांच्या प्रती नीट टिपाव्यात आणि लेखक व विषय यांची सूची करावी. सूचीवाचून साठवण म्हणजे अडगळ. सभेच्या सूचना, निधनवार्ता, कार्यक्रम हे सारे मोबाइलवर जावे; छापील अंक मात्र जपून ठेवण्याजोग्या निबंधांचा असावा, प्रती थोड्या निघाल्या तरी चालतील. डिजिटल अंकालाही वर्गणी असावी, आणि ती पुण्या-बंगळूरला किंवा अमेरिकेत स्थिरावलेल्या मुलांकडूनही घ्यावी.

आणखी एक. आपली नातवंडे हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. लिपी तीच असूनही मराठी परिच्छेद त्यांना अडखळवतो. पण आजीचे बोलणे त्यांना पुरते कळते. मग प्रत्येक अंकातील दोन निबंध घरच्याच वडीलधाऱ्यांच्या आवाजात का मुद्रित करू नयेत? आपल्या माळवी वळणाच्या मराठीचा ठेवाही त्यातून राहील. जे काम कागदाला कधीच साधले नसते, ते नव्या साधनाने होईल. नव्या साधनाकडून मागायचे ते हे.

माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले, बाबूराव विष्णु पराडकरांनी बनारसच्या ‘आज’ला घडवले. मुक्तिबोधांच्या घरात गजानन माधवांनी हिंदीत, तर शरच्चंद्रांनी मराठीत लिहिले. परप्रांतात आलेल्या मराठी घरांनी दुसऱ्या भाषेलाही संपादक आणि कवी दिले. त्या घरांच्या वारसांना वर्षाकाठी चार अंकांची वर्गणी जड वाटत असेल, तर दोष यंत्राच्या माथी मारू नये. पुढील सभेत सूचना मांडणाऱ्या प्रत्येकाला अध्यक्षांनी आधी एवढेच विचारावे: आपली या वर्षीची वर्गणी भरली का? त्यानंतर कागद की पडदा, यावर खुशाल वाद घालू.