तेलकट चेहऱ्यासाठी जवस-कोरफडीचे जेल



गेल्या रब्बीत जवसाचे पीक पाहायला एका गावी गेलो होतो. बांधावर चहा घेऊन आलेल्या वहिनी हळूच म्हणाल्या, "साहेब, पिकाच्या रोगावर औषध सांगता, आमच्या पोरीच्या तोंडाला काही सांगा की!"

मुलगी दहावीतली. चेहरा तेलकट, वर पुटकुळ्या. कुणाच्या सांगण्यावरून लिंबाच्या रसात सोडा कालवून लावला, तर आग आग झाली. मग दुकानातून गोरे करणारी ट्यूब आणली. चार दिवस चेहरा छान दिसला. ट्यूब थांबवताच लालबुंद होऊन दुप्पट पुटकुळ्या उठल्या. खोक्यावरचे बारीक अक्षर वाचले, तर आत स्टिरॉइड! अशी मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय लावायचीच नसतात. मुलीला आधी डॉक्टरकडे धाडले.

त्वचा ही काही माझी शाखा नव्हे. पण जवस आणि कोरफड माझी आहेत, म्हणून एवढे सांगतो. वयात येताना कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. जेलने ते तेल थांबत नाही. मात्र जेलमध्ये तेल नसते, त्यामुळे चेहरा ओशट न होता मऊ राहतो. (जेल म्हणजे तुरुंग नव्हे, दाटसर बुळबुळीत पदार्थ!)

दोन चमचे जवस कपभर पाण्यात मंद आचेवर ढवळत उकळावा. पाच-सात मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार येते. त्याच क्षणी, गरम असतानाच गाळावे. निवल्यावर ते फडक्यातून उतरत नाही, हा माझ्या घरचाच अनुभव आहे.

कोरफडीचे खालचे जाड पान बुडाशी कापावे व कापलेली बाजू खाली करून अर्धा तास भांड्यात उभे ठेवावे. पिवळा चीक निथळतो. हा चीक कातडीला खाज आणतो. घाईत ही पायरी गाळतात आणि मग कोरफडीला दोष देतात. पुढे पान धुऊन, काटे व साल काढून आतला गर दोन पाण्यांनी धुवावा आणि घुसळावा. तणनाशक मारलेल्या बांधावरची कोरफड मुळीच घेऊ नये.

जवसाचे जेल निवले की दोन चमच्यांना एक चमचा गर मिसळावा. हळद, लिंबू, अत्तर काही नको. काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करावी. फ्रीज असेल तर तीन दिवस, नसेल तर त्याच दिवसापुरते करावे. पाणी आणि गर एकत्र आले की जंतूंना मेजवानीच! वास बदलला, पाणी सुटले की फेकून द्यावे.

प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. खाज, लाली नसेल तरच चेहऱ्यावर पातळ थर द्यावा व पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावा. फवारणी करून आलेल्यांनी साबणाने हात धुतल्याखेरीज बाटलीला हात लावू नये. पू धरलेल्या, दुखऱ्या किंवा खड्डे पाडणाऱ्या पुटकुळ्यांवर हा उपाय नाही, तेथे डॉक्टरच.

गाळून उरलेला जवस जनावरांच्या आंबोणात घालावा. कोरफडीची साल व चीक मात्र उकिरड्यावर.