न दिसणाऱ्या भुताचा खर्च

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हे नाव निघालं की आपल्याकडे एकच हिशेब सांगितला जातो. चित्रीकरणाचा खर्च ६० हजार डॉलरच्या आसपास आणि जगभरातली कमाई जवळपास २५ कोटी डॉलर. नवखे निर्माते मला हा आकडा हमखास ऐकवतात, कारण त्याच्या मागोमाग पुढचं वाक्य येतं: "ताई, आपल्याला भूत दाखवायचंच नाहीये, त्यामुळे खर्च नाही." मी नाटक करते, मालिका करते, अधूनमधून असे कमी पैशांतले चित्रपटही करते. भूत दाखवलं नाही की खर्च वाचतो, हे मला साफ नामंजूर आहे. तो खर्च होतोच, फक्त नटाच्या अंगावर पडतो.

हा चित्रपट कसा झाला ते बघा. ऑक्टोबर १९९७, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातलं जंगल, आठ दिवस. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे दोघे दिग्दर्शक. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकेल विल्यम्स हे तीन अनोळखी नट. पडद्यावरही त्यांची नावं तीच. चेटकिणीवर माहितीपट करायला निघालेली ही तीन पोरं जंगलात वाट चुकतात, एवढीच गोष्ट. संवाद लिहिलेले नव्हते. जंगलात ठरलेल्या जागी डब्यांत चिठ्ठ्या ठेवलेल्या असत, ज्याची चिठ्ठी त्यानेच वाचायची आणि प्रसंग तिथल्या तिथे उभा करायचा. कॅमेरेही नटांच्याच हातात. दिवसागणिक जेवण कमी केलं जाई. रात्री तंबू बाहेरून गदागदा हलवला जाई, अंधारातून लहान मुलांचे आवाज वाजवले जात. म्हणजे अभिनय, संवाद आणि बहुतेक सगळं चित्रण या तिघांनीच केलं.

एका प्रसंगात तिघं तंबूतून बाहेर पळतात आणि हेदर कुठेतरी बघून किंचाळते. तिथे प्रत्यक्षात पांढरे कपडे घातलेला, तोंडावरून मोजा ओढलेला युनिटमधला माणूस उभा होता. कॅमेरा तिकडे वळायचा होता, तो वळला नाही. आपल्यापर्यंत पोहोचते ती फक्त तिची किंकाळी. तो माणूस दिसला असता तर सगळं थिएटर हसलं असतं, असं माझं पक्कं मत आहे.

ही किंकाळी काय मागते ते मला ठाऊक आहे. नंतर संगणकावर भूत चिकटवायचं असेल तेव्हा स्टँडवर चेंडू लावतात, "ताई, इथे बघा" म्हणतात. नजरेला निदान ठिकाण मिळतं. काहीच दाखवायचं नसतं तेव्हा मात्र सगळं आपल्यालाच ठरवावं लागतं. एका जुन्या वाड्यात रात्रीचं शूटिंग होतं. दिग्दर्शक म्हणाला, दाराकडे बघा, तिथे काहीतरी आहे. काय आहे, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी मनाशी ठरवलं की ते कडीच्या वीतभर वर आहे, त्याचा श्वास संथ आहे आणि त्याला माझी घाई नाही. त्या वीतभर जागेवर पहाटेपर्यंत नजर रोखून मी टेकमागून टेक दिले. दुसऱ्या दिवशी नाटकाचा प्रयोग होता. आवाज पार बसला होता. हळदीच्या गुळण्या करून, पट्टी खाली आणून तीन अंक रेटले. भय प्रेक्षकाच्या मनात तयार होतं म्हणतात, तसं होतही असेल. पण ते आधी नटाच्या घशात आणि पाठीच्या कण्यात तयार व्हावं लागतं.

आता पैशांचं. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात आर्टिसन या कंपनीने 'ब्लेअर विच' सुमारे ११ लाख डॉलरना विकत घेतला. ही पोरं खरोखरच बेपत्ता आहेत, अशी जाहिरात झाली. प्रदर्शनाआधी नटांना लोकांसमोर येऊ दिलं नाही. चित्रपट धो धो चालला. हेदरच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. कमाई दहा कोटींच्या पुढे गेली, तेव्हा कंपनीकडून नटांना आली ती फळांची टोपली. पुढे स्वतःच्या नावांच्या वापरावरून ते कोर्टात गेले आणि तडजोड झाली. हेदरने अभिनय सोडला, नावही बदललं.

२०२४ मध्ये त्याच नावाचा नवा चित्रपट जाहीर झाला, तेव्हा या तिघांनी हक्क आता ज्यांच्याकडे आहेत त्या लायन्सगेट कंपनीला जाहीर पत्र लिहिलं. जुन्या कामाचा आणि पुढच्या वापराचा मोबदला द्या, आमचं नाव, चेहरा वापरायचा तर आधी आम्हाला विचारा. आणि तिसरी मागणी अशी की दर वर्षी ६० हजार डॉलर एखाद्या नवख्या दिग्दर्शकाला द्या. ही तिसरी मागणी वाचून मला भरून आलं. इतकं होऊनही त्यांना नव्या माणसाचा पहिला चित्रपट व्हायला हवा होता. दोन्ही दिग्दर्शकांनी या मागण्यांना पाठिंबा दिला.

आपल्याकडे कायदा आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टीचा हक्क दिला. मी सही केलेल्या एकाही करारात मात्र हा शब्द आलेला नाही. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात हे आम्ही धरूनच चालतो. छोट्या चित्रपटात तर "पहिलाच आहे, सांभाळून घ्या" एवढ्यावर अर्ध्या पैशांत काम होतं. मी अशी कामं केली आहेत, पुढेही करेन. नव्या पोरांना कोणीतरी उभं करायलाच हवं.

माझं मागणं इतकंच आहे. कमी पैशांत काम करणाऱ्या प्रत्येक नटाच्या आणि तंत्रज्ञाच्या करारात एक कलम हवं: खर्च वसूल झाल्यावरच्या नफ्यातला ठरलेला हिस्सा यांचा, ओटीटीला विक्री झाली किंवा दुसऱ्या भाषेत रिमेक निघाला तरी तो लागू. चित्रपट पडला तर निर्मात्याला त्यापायी एक रुपयाही द्यावा लागणार नाही. पुढच्या वेळी मला ब्लेअर विचचा आकडा ऐकवायला येणाऱ्याने हे कलम टाइप करूनच आणावं. मानधनावर मी घासाघीस करणार नाही.