आत्मपरीक्षण आणि आत्मकथन

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रांविषयी लिहिताना आपली समीक्षा 'प्रामाणिक आत्मपरीक्षण' हा शब्दप्रयोग फार सैलपणे करते. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' (१८८८) आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या दोहोंनाही तो सारखाच बहाल केला जातो. प्रस्तुत लेखकानेही वर्गात तो वर्षानुवर्षे वापरला आहे. परंतु ख्रिस्ती परंपरेत आत्मपरीक्षण ही नेमाने करावयाची साधना आहे, हे ध्यानी घेतले की हा सैलपणा खटकू लागतो.

इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनांच्या पुस्तिकेला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. तीत सांगितलेल्या नित्य परीक्षणाच्या पाच पायऱ्यांपैकी पहिली पापाची नसून उपकारस्मरणाची आहे. मग स्वतःचे दोष कळावेत म्हणून कृपेची याचना, तासातासाचा धांडोळा, क्षमायाचना आणि सुधारणेचा निश्चय. याखेरीज एकाच दोषावर पाळत ठेवण्याची निराळी रीत आहे. दोष घडताच छातीवर हात ठेवावयाचा, तोही चारचौघांच्या लक्षात न येईल असा. दुपारी व रात्री जेवणानंतर हिशेब घ्यावयाचा. प्रत्येक दिवसासाठी आखलेल्या दोन रेघांवर, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके द्यावयाचे. एक रेघ दुसरीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागल्याशी ताडून पाहावयाचा. वाण्याच्या चोपडीची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे, आणि त्याचा रुक्षपणाच मला मोलाचा वाटतो. 'क्रिस्तपुराण'कर्ते फादर स्टीफन्स जेजुइट होते, म्हणजे याच शिस्तीत वाढलेले. आपण मात्र त्यांच्या ओवीपाशीच थांबतो.

या ठिपक्यांना वाचक नसतो. 'अरुणोदया'ला तो आहे, आणि त्याचा शेवट नावातच ठरलेला आहे. पूर्वायुष्यातील प्रसंग त्या पहाटेकडे तोंड करून उभे राहतात. यात लबाडी मुळीच नाही. प्रॉटेस्टंट परंपरेतील साक्षीचे ते रूपच आहे. पण साक्ष लोकांपुढे द्यावयाची असते, आणि तीही सारे उलगडल्यावर. रोज रात्री रेघेवर ठिपका देणाऱ्याला उद्याचे काहीच ठाऊक नसते.

'स्मृतिचित्रे' उतारवयात, वाचकांसाठीच लिहिलेली, आणि लक्ष्मीबाईही प्रॉटेस्टंट. तेव्हा इग्नेशियसच्या प्रभावाचा प्रश्नच नाही. तरीही त्यांची दृष्टी मला त्या चोपडीच्या जवळची वाटते. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पतीसोबत राहू लागल्यावरही लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले नव्हते. ते कसे सुटत गेले, हे त्या लहानसहान प्रसंगांतून, स्वतःचा हट्ट न झाकता सांगतात. त्यांच्या विनोदाची आपण तोंड भरून स्तुती करतो. दोष आहे तेवढ्याच आकाराचा दाखविण्याचे काम तो विनोद करतो, हे मात्र सहसा कोणी नोंदवीत नाही. (आत्मदोषांचा विषय निघाला की विद्यार्थी लगेच तुकोबांकडे धावतात. तुलना अवश्य करावी, पण आधी ही पाने सावकाश वाचून.)