आधी पडायला शिका!

मैत्रिणींनो, कॅनडात बर्फावरच्या हॉकीचे वर्ग मोठ्यांसाठीही असतात. तिशी-चाळिशीतल्या बायका तिथं पहिल्यांदाच स्केट्स बांधतात. सुरुवातीचा धडा गोल मारण्याचा नव्हे, पडण्याचा! हेल्मेट, पॅड चढवायचे, गुडघे वाकवायचे, तोल गेलाच तर कुशीवर पडायचं. हात टेकू नये, मनगट दुखावतं. उठताना आधी गुडघ्यांवर यावं, मग एक पाय रोवावा.

आपला महिला संघ, बहुतेक लडाखच्या मुली, २०१६ साली पहिल्यांदा परदेशात खेळला आणि सगळे सामने हरला. २०१७ साली बँकॉकला मात्र सामने जिंकलाही!

तुम्हाला पोहणं, सायकल, काहीही शिकायचं असो, “या वयात पडले तर लोक हसतील” म्हणून अडू नका. हसणारे घरी जातात. शिकलेलं आपल्यापाशी राहतं.