बिऱ्हाड हलते, बिल हलत नाही

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. बदलीची नोकरी करणाऱ्या कुटुंबाला तेवढी सोय लाभलेली नाही. मुलांचे शाळेचे दाखले, गॅसची जोडणी, विजेचे शेवटचे बिल, घरमालकाकडे अडकलेली अनामत आणि सामानाचा टेम्पो या धबडग्यात दूरध्वनी व त्यासोबत आलेली ब्रॉडबँड जोडणी यांची आठवण बहुधा शेवटच्या दिवशी होते. ग्राहकसेवेला फोन केला जातो, पलीकडून ‘आपली विनंती नोंदवली आहे’ असे गोड उत्तर मिळते आणि कुटुंब नव्या गावी रवाना होते.

दीड-दोन महिन्यांनी बिल येते. ज्या घरात कोणी राहत नव्हते त्या घरच्या दूरध्वनीचे भाडे त्यात असते. मॉडेम परत न केल्याबद्दल आकार असतो आणि ठरलेल्या मुदतीपूर्वी सेवा सोडल्याबद्दल दंडही असतो. जोडणी घेताना भरलेली अनामत मात्र त्यात कोठेच दिसत नाही. विचारणा केली की दर वेळी नवा आवाज भेटतो आणि सारी कथा पहिल्यापासून सांगावी लागते. पुढे वसुलीचे फोन सुरू होतात. रक्कम असते हजार-दोन हजारांची. शेवटी घरातील वडीलधारी व्यक्ती म्हणते, “भरून टाका आणि मोकळे व्हा.” येथेच खरी हार होते.

मुंबईहून पुण्याला किंवा नागपूरला जाणाऱ्यांना एके काळी भ्रमणध्वनीचा क्रमांकही बदलावा लागे, कारण दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीने मुंबई हे स्वतंत्र क्षेत्र आणि उर्वरित महाराष्ट्र गोव्यासह वेगळे क्षेत्र. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक देशभर कोठेही नेण्याची मुभा मिळाली आणि ती अडचण संपली. तारेने घरात येणारी जोडणी मात्र जागेला बांधलेली राहिली. म्हणूनच घर बदलण्याचे भांडण आज प्रामुख्याने दूरध्वनी आणि ब्रॉडबँडच्या जोडणीभोवती फिरते.

या भांडणात कंपनीची बाजू मुळीच नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. घरापर्यंत तार ओढायला खर्च येतो आणि वर्षभराच्या हमीवर सवलतीचा दर दिला असेल, तर ग्राहक तिसऱ्या महिन्यात निघून गेल्यावर तो खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ ने याचे उत्तर फार पूर्वीच दिले आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी करार मोडल्याबद्दल मिळू शकते ती वाजवी भरपाई; लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. कागदावर आकडा छापला म्हणून तो जसाच्या तसा देय ठरत नाही. वर्षाच्या करारातील दहा महिने पूर्ण करणाऱ्याकडून आणि पहिल्याच महिन्यात जाणाऱ्याकडून एकच दंड मागणे वाजवी कसे म्हणावे? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने तर ‘अन्याय्य करार’ ही संकल्पनाच कायद्यात आणली. झालेल्या हानीच्या मानाने अवाजवी दंड आणि गैरवाजवी अनामत यांचा तीत समावेश आहे. कराराच्या अशा अटीविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

आणखी एक मुद्दा नेहमी नजरेआड होतो. ग्राहक जोडणी सोडत नसतो, तो ती नव्या पत्त्यावर मागत असतो. ‘आपल्या भागात आमची सेवा नाही’ असे कंपनी सांगत असेल, तर सेवा देण्यास असमर्थ कोण ठरले? अशा वेळी ग्राहकाकडून दंड मागणे म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा होत. मात्र हे म्हणणे टिकण्यासाठी स्थलांतराची मागणी लेखी केलेली असली पाहिजे, आणि कंपनीचा नकारही लेखी मिळवलेला असला पाहिजे.

दाद मागण्याच्या वाटेवर गेल्या काही वर्षांत बरीच खडी पडली होती. केरळातील कोझिकोडच्या एका ग्राहकाचा दूरध्वनी तोडण्यात आला होता. जिल्हा ग्राहक मंचाने तो पुन्हा जोडून देण्याचा आणि भरपाईचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, १८८५ च्या भारतीय तार अधिनियमातील कलम ७-ब मध्ये लवादाची तरतूद असल्याने असे वाद ग्राहक मंचापुढे चालू शकत नाहीत. इंग्रजी अमदानीतील तारेच्या कायद्याने स्वतंत्र भारतातील ग्राहकाच्या तोंडावर दार लावले. पुढे कित्येक वर्षे या निर्णयाचा हवाला देऊन तक्रारी अडवल्या गेल्या.

हे दार पुन्हा उघडले अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या चिकाटीने. महिन्याला सरासरी ५५५ रुपयांच्या आसपास बिल भरणाऱ्या या ग्राहकाला २०१३ च्या अखेरीस एका महिन्याचे तब्बल २४,६०९ रुपयांचे बिल आले. २०१४ साली त्याने जिल्हा मंचाकडे धाव घेतली. मंचाला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, हा कंपनीचा आक्षेप थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला गेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने तो फेटाळला आणि तार अधिनियमातील लवादाची तरतूद ग्राहकाचा ग्राहक मंचाकडे जाण्याचा हक्क हिरावून घेत नाही, असे स्पष्ट केले. तक्रार ऐकली जावी की नाही, एवढे ठरायलाच आठ वर्षे गेली, ही आपल्या व्यवस्थेची शोकांतिका. परंतु एका माणसाने माघार घेतली नाही म्हणून कोट्यवधी ग्राहकांची वाट मोकळी झाली, हेही तितकेच खरे. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्येही वाद निवारणाची ऑनलाइन यंत्रणा सांगताना ग्राहक कायद्याखालील हक्क अबाधित ठेवण्यात आला आहे.

बिऱ्हाड हलवणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद मात्र २०१९ च्या अधिनियमात आहे. १९८६ च्या कायद्याखाली तक्रार करण्यासाठी बहुतेक वेळा जुन्याच गावी खेपा घालाव्या लागत. मुंबई सोडून नागपूरला गेलेला नोकरदार हजार-दोन हजारांसाठी मुंबईच्या तारखांना कसा जाणार? हे हिशेब करणाऱ्यांनाही ठाऊक होते. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे अशी सक्ती नाही. १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. निकाल तीन महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही आयोगाची नोटीस गेली की, जी कंपनी महिनोन्महिने उत्तर देत नव्हती, तिला उत्तर द्यावेच लागते.

आयोगापर्यंत जाण्याची वेळ नेहमीच येते असेही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार कंपनीने प्रत्येक तक्रारीला क्रमांक दिला पाहिजे. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा लागतो. प्राधिकरण स्वत: वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे तेथे अर्ज पाठवून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मात्र उपयोगी पडतो. सेवा बंद झाल्यावर अनामत परत करण्याची मुदतही २०२४ च्या नियमावलीने ६० दिवसांवरून ४५ दिवसांवर आणली आहे.

कायदा कितीही चांगला असला, तरी तो पुरावा मागतो आणि आपला ग्राहक नेमका तेथेच उणा पडतो. सेवा बंद करण्याचा अर्ज तोंडी राहतो. मॉडेम ‘कंपनीचा माणूस घेऊन गेला’, पण त्याची पावती घेतलेली नसते. करारावर न वाचता सही झालेली असते. नवा पत्ता कळवलेला नसतो. बिलातील जो भाग खरोखर देणे आहे, तोही रागाच्या भरात थकवला जातो आणि न्याय्य तक्रारीला थकबाकीदाराचा रंग चढतो. देणे असेल ते वेळेवर द्यावे, नसेल ते लेखी नाकारावे आणि प्रत्येक कागदाची पोच जपून ठेवावी, एवढी शिस्त पाळली तर निम्मी लढाई जिंकल्यासारखीच आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती ग्राहक संरक्षणाचा कायदा होण्याच्या बारा वर्षे आधी. हाती कायद्याचे बळ नसताना सामान्य गृहस्थ आणि गृहिणी एकत्र आल्या आणि वजन-मापापासून भावापर्यंत प्रश्न विचारू लागल्या. आज कायदा आहे, आयोग आहे, घरबसल्या तक्रारीची सोय आहे. विचारण्याची वृत्ती मात्र ओसरली आहे. अन्याय्य बिल मुकाट्याने भरणारा माणूस स्वत:पुरता सुटतो, पण त्याच कंपनीचे तसेच बिल उद्या एखाद्या निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धेच्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाच्या दारी जाण्याची वाट तो मोकळी करून देतो. नव्या घरात पहिला दिवा लावताना जुन्या घराचा हिशेब चोख पूर्ण करणे, हेही गृहस्थधर्माचेच अंग आहे.